सतराव्या मिनिटाला बंद पडणारा संगणक

गेल्या मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या आमच्या जत्रेतली, दंडार (आमच्याकडचे लोकनाट्य) पाहताना आमच्या घरचा संगणक १६ दिवसांत १३ वेळा बंद पडला. हा आकडा मी अंदाजाने सांगत नाही. धानाच्या हिशेबाची वही उलटी धरून तिच्या मागच्या पानांवर मी प्रत्येक वेळेची तारीख, घड्याळातली वेळ आणि त्या क्षणी पडद्यावर काय चालू होते, एवढ्या तीन गोष्टी लिहीत गेलो, आणि दोष अखेर सापडला तो या वहीमुळेच. त्याआधी मात्र घरातल्या आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक निरपराध वस्तूवर माझा संशय घेऊन झाला होता.

आमचे गाव भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात आहे. दिवाळी आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी दंडार असते आणि रात्री वडशाहून आलेल्या मंडळीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. नाटकाचे चित्रीकरण करणारे पुष्कळ आहेत, परंतु दंडारीकडे कोणी फारसे पाहत नाही, म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते काम मी अंगावर घेतले आहे. माझ्याजवळच्या सर्वांत जुन्या दंडारी इकडूनतिकडून गोळा केलेल्या व्हीसीडींवर आहेत. त्यांचे चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ बिंदूंचे, त्यामुळे नट ओळखायचा तर चेहऱ्यावरून नव्हे, आवाजावरूनच ओळखावा लागतो. त्यानंतरच्या दंडारी हँडीकॅमवरच्या आणि अलीकडच्या मोबाइलवरच्या आहेत. हे सारे पाहण्यासाठी मी वर्षानुवर्षे एकच मीडिया प्लेअर वापरत आलो. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण दोष सरळ त्याच्या पदरात टाकता येत नाही हे पुढे दिसेलच, आणि अर्ध्यावर वाचून उठणारा वाचक नाव तेवढे लक्षात ठेवतो.

संगणक २०१४ साली नागपूरला सीताबर्डीवर जोडून घेतलेला आहे. त्याचा प्रोसेसर त्याच्या आदल्या वर्षीच्या पिढीतला असून ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, प्रोसेसरच्याच पोटात आहे, वेगळे कार्ड नाही. रॅम आधी ४ जीबी होती, पुढे तेवढीच आणखी एक पट्टी घातली. मधल्या काळात एकदा हार्ड डिस्क गेली तेव्हा एका दुकानातून विंडोज १० नव्याने टाकून आणले. त्या दुकानदाराने काय टाकले आणि काय टाकायचे राहिले हे तेव्हा मी विचारले नाही, आणि विचारले असते तरी उत्तर मला समजले नसते.

या वेळचे चित्रीकरण भाच्याच्या नव्या मोबाइलवर झाले. ती फाइल संगणकात उतरवून प्लेअर उघडला, तेव्हा नवी आवृत्ती उपलब्ध असल्याची पाटी आली. अशा पाटीला मी सहसा नाही म्हणतो. त्या दिवशी होय म्हटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दंडारीतले म्हातारे शाहीर, ज्यांना सारे गाव बाबाजी म्हणते, आपले गाणे पाहायला आले आणि पडद्यापुढे खुर्ची ओढून बसले. पंधरा-सोळा मिनिटे सारे सुरळीत चालले. मग चित्र एकदम थिजले, ढोलकीचा एकच ठोका टरटरत राहिला, पडदा काळा झाला, क्षणभर पुन्हा उजळला, आणि अखेर तो निळा पडदा आला, ज्यावर एक उदास चेहरा असतो आणि खाली टक्केवारी चढत जाते. ती शंभरावर पोचते न पोचते तोच संगणक आपणहून पुन्हा सुरू झाला.

"का झाला जी गुरुजी? माह्यावाला गाना तं आलाच नाही," बाबाजी म्हणाले.

त्या संध्याकाळी आणखी दोनदा तसेच घडले, आणि गाणे न पाहताच बाबाजी घरी गेले.

फोनवर भाच्याने पहिल्याच वाक्यात निकाल दिला. "मामाजी, अपडेट काहून केला जी? चालू होता नं चांगला!" शेजारच्या काकाजींचे मत वेगळे होते. त्यांच्या मते हा सारा लाइनीचा लपंडाव होता, कारण त्याच आठवड्यात गावची डीपी दोनदा उडाली होती. तिसरे मत आमच्या घरातून आले. धान चुरण्याचे दिवस होते, यंत्र घरामागच्या खळ्यावरच चालत होते आणि कोंड्याची धूळ दिवसभर घरात येत होती. तेवढी धूळ खाल्ल्यावर यंत्र कसे चालेल, असा प्रश्न पत्नीने विचारला. तिन्ही मते आपापल्या जागी बिनतोड होती, आणि गंमत अशी की तिन्हींत थोडेथोडे तथ्यही निघाले. एक गोष्ट मात्र कोणाच्याच मोजणीत आली नाही, माझ्याही नाही. त्या आठवड्यात प्लेअर नवा झाला तशी फाइलही नव्या जातीची होती. पाहायची वस्तू बदलली आहे याकडे आपले लक्षच जात नाही. आपण पाहण्याच्या साधनावरच संशय घेत बसतो.

पहिला उपाय मी सगळे करतात तोच केला. प्लेअर काढून टाकला आणि पुन्हा बसवला. उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. बहुतेक प्लेअर काढले तरी त्यांच्या सेटिंग्ज वापरकर्त्याच्या ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये तशाच राहतात, आणि नवी प्रत बसवली की ती येऊन जुन्याच घरात राहू लागते. तो फोल्डर पुसून तिसऱ्यांदा बसवला, तरीही निकाल तोच. मग प्लेअर बसवण्याची फाइलच बनावट तर नाही, अशी शंका आली. ती फेडणे सोपे असते: उतरवलेल्या फाइलवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हे पान पाहिले की सही कोणाची आहे आणि ती शाबूत आहे की नाही ते कळते. माझी फाइल अस्सल होती. ही काळजी मी घेतो याला कारण आहे. व्हीएलसी या प्रसिद्ध प्लेअरचे (माझा प्लेअर तो नव्हे) अधिकृत संकेतस्थळ २०२२ साली भारतात कित्येक महिने उघडत नव्हते, ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा खुले झाले. त्या काळात आमच्याकडच्या पोरांना दिसेल त्या संकेतस्थळावरून फाइल उतरवण्याची जी सवय लागली, तिने अनेक घरच्या संगणकांवर नको ते पाहुणे आणून बसवले आहेत.

यानंतर मी वही उघडली आणि हाताला येईल ते करून पाहणे थांबवले. दिवसाला एकच गोष्ट बदलायची, ती लिहायची, आणि फाइल सुरुवातीपासून लावून काय होते ते पाहायचे, असे ठरवले. "अजी, धानाचा हिशेब मांडाचा का संगणकाचा?" असे पत्नीने दोनदा विचारले. पाचव्या दिवसापर्यंत वहीत सात नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या पाच ओळींत तिसऱ्या रकान्यात मी जवळजवळ एकच गोष्ट लिहिली आहे, हे त्या रात्री कंदिलाच्या उजेडात (लाइन गेली होती) एकाखाली एक वाचताना माझ्या ध्यानात आले. एकदा १७ मिनिटे ४० सेकंद, एकदा १७ मिनिटे ४३ सेकंद, पुन्हा ४२, पुन्हा ४२, पुन्हा ४३. दंडारीचा दुसरा फड नाचत आत येतो, पायांखालची धूळ उडते, भाचा मोबाइल घेऊन गर्दीतून पुढे धावतो आणि सारे चित्र एकदम हलू लागते, तीच ही जागा.

काकाजींना मी ते दाखवले. वीज काही व्हिडिओचे मिनिट पाहून जात नाही, एवढेच मी म्हटले, आणि त्यांनी मान डोलावली. पण मग उरलेल्या दोन ओळींचे काय, असे त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. त्या दोन वेळी प्लेअर चालूच नव्हता. एकदा मी पत्र टंकत होतो आणि एकदा संगणक नुसता चालू होता.

त्याचे उत्तर यंत्राच्या स्वतःच्या वहीत मिळाले. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची सोय असते आणि तिच्यात सिस्टम या भागात संगणक आपल्या प्रत्येक दुखण्याची नोंद ठेवतो. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला की तेथे कर्नल-पॉवर या नावाची, ४१ क्रमांकाची नोंद पडते. तिच्यातला पॉवर हा शब्द वाचून पुष्कळ लोक थेट वीजपुरवठ्याला दोष देतात आणि नवा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) विकत आणतात. प्रत्यक्षात ती नोंद फक्त एवढेच सांगते की मी नीट झोपण्याआधीच मला उठवले गेले. कारण काय हे तिच्यातल्या तपशिलाच्या पानावर बगचेककोड नावाची एक ओळ असते तिच्यावरून कळते. ती शून्य असेल तर संगणकाला काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीज गेली किंवा यंत्र जागच्या जागी गोठले. तेथे एखादा आकडा असेल तर विंडोजने स्वतःच कारण ओळखून यंत्र थांबवले. सोळा दिवसांच्या शेवटी मी एकूण १३ नोंदी तपासल्या तेव्हा ११ नोंदींत २७८ हा आकडा होता आणि दोन नोंदींत शून्य. त्या दोन शून्यांच्या वेळा माझ्या वहीतल्या "लाइन गेली" या शब्दांशी मिनिटाला मिनिट जुळल्या.

म्हणजे दुखणी दोन होती आणि आम्ही ती एकाच खात्यात मांडत होतो. शून्याचे दुखणे पाच मिनिटांत उमगले. यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढून पाहिला तर संगणक त्याच क्षणी मेला, म्हणजे आतली बॅटरी केव्हाच निकामी झाली होती आणि तो डबा इतके दिवस नुसता दिवा लावून बसला होता. लाखांदूरहून १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची नवी बॅटरी आणून घातली आणि काकाजींचा मुद्दा तेथे मिटला.

उरले २७८. आपण दहाच्या पटीत मोजतो तो हा आकडा. संगणकवाले सोळाच्या पटीत मोजतात आणि त्या मोजणीत २७८ म्हणजे ११६. विंडोजच्या थांबण्याच्या कारणांच्या यादीत ११६ या आकड्यासमोर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर असे नाव आहे. हेच नाव निळ्या पडद्यावर खाली बारीक अक्षरांत येत होते, पण पडदा टिकतच नसल्याने वाचता येत नव्हते. सिस्टमच्या ॲडव्हान्स्ड भागात स्टार्टअप अँड रिकव्हरी येथे आपोआप पुन्हा सुरू होण्यापुढची खूण काढून टाकली की तो पडदा आपण बटण दाबेपर्यंत थांबून राहतो. ही खूण मी पहिल्याच दिवशी काढली असती तर निम्मे दिवस वाचले असते.

टीडीआर (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) म्हणजे काय हे समजून घेतल्यावर मला त्या निळ्या पडद्याचा राग येईनासा झाला. ग्राफिक्सला एखादे काम सांगितल्यावर त्याच्याकडून ठरावीक वेळात हालचाल झाली नाही तर विंडोज ते अडकले असे समजते. ही मुदत मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांची असते. मुदत संपली की विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, मोडून पुन्हा उभा करते. आमचा पडदा काळा होऊन क्षणभर उजळत होता तो याचमुळे. पुन्हा उभे करणे साधले नाही, किंवा एका मिनिटाच्या आत ही पाळी वारंवार येऊ लागली, की मग ते सारे यंत्रच थांबवते. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आली. त्याआधी अशा वेळी पडदा नुसता गोठून राहायचा आणि आपण तारेला हात घालायचो.

तरीही ग्राफिक्स का अडकते, हा प्रश्न उरलाच होता. धुळीचा मुद्दा मी एका दुपारी निकालात काढला. कॅबिनेट अंगणात नेऊन उघडले तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत कोंड्याची आणि कापसासारख्या तंतूंची अशी गादी बसली होती की ती टाचणीने उचलून अखंड बाहेर काढता आली. मऊ ब्रशने सारे साफ केले, पंखा फिरू नये म्हणून त्याला बोटाने धरून ब्लोअर मारला, रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसले आणि विंडोजची मेमरी तपासणी पूर्ण चालवून पाहिली. तपासणीत काही निघाले नाही. साफ करण्याआधी व्हिडिओ चालू असताना तापमान ८४ अंशांपर्यंत जात होते, ते ६६ वर आले. संगणक मात्र १७ मिनिटे ४२ सेकंदांवर पुन्हा पडला. उन्हाळ्यात नवतपा लागल्यावर ही सफाई कामी येईलच, पण आजच्या दुखण्याचे औषध ती नव्हती.

मग भाच्याच्या सांगण्यावरून प्लेअरची जुनी आवृत्ती निर्मात्याच्याच जुन्या फाइलींच्या साठ्यातून आणून बसवली, आणि दंडार १७ मिनिटे ४२ सेकंद ओलांडून पुढे गेली! भाच्याला वाटले खटला निकाली निघाला. मला मात्र दोन गोष्टी खटकल्या. जुन्या आवृत्तीत चित्र अडखळत चालत होते, आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जवळजवळ शंभर टक्के राबताना दिसत होता. शिवाय मी भाच्याला तीच फाइल आणि तीच नवी आवृत्ती त्याच्या लॅपटॉपवर चालवून पाहायला सांगितले होते, आणि तेथे ती कुरकूर न करता शेवटपर्यंत चालली होती. आरोपी तोच, साक्षीदार तोच, गुन्हा मात्र आमच्याच घरी घडत होता.

नव्या आवृत्तीसोबत तिच्यात काय बदलले याची एक लांबलचक यादी असते, जी कोणी वाचत नाही. मी ती छापून घेऊन ओसरीत बसून वाचली. चौथ्या पानावर एक ओळ सापडली, तिचा आशय असा की व्हिडिओ उलगडण्यासाठी हार्डवेअरची मदत घेणे हे आता मूळ सेटिंगमध्येच चालू राहील.

या ओळीचा अर्थ थोडा उलगडून सांगतो. व्हिडिओची फाइल ही पोत्यात ठासून भरलेल्या कापसासारखी असते. पाहण्यासाठी ती प्रत्येक क्षणी मोकळी करावी लागते, आणि ठासण्याची पद्धत जितकी हुशार तितके मोकळे करण्याचे श्रम जास्त. व्हीसीडीतली पद्धत अगदी साधी होती. २००३ साली एच.२६४ आली आणि आजही पुष्कळ व्हिडिओ तिच्यातच असतात. २०१३ साली एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी ही पद्धत ठरली. तेवढ्याच दर्जाचे चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते आणि त्याची किंमत मोकळे करणाऱ्याकडून वसूल करते. नवे मोबाइल जागा वाचवण्यासाठी पुष्कळदा याच पद्धतीने चित्रीकरण करतात. मीडियाइन्फो या छोट्या मोफत साधनाने पाहिले तेव्हा भाच्याची फाइल एचईव्हीसी निघाली आणि माझ्या संग्रहातल्या आधीच्या साऱ्या फाइली दुसऱ्या, जुन्या पद्धतींच्या.

मोकळे करण्याचे हे काम प्रोसेसर स्वतः करू शकतो किंवा ग्राफिक्सकडे सोपवू शकतो. जुना प्लेअर ते स्वतः करीत होता, म्हणून दमत होता, पण पडत नव्हता. नव्या आवृत्तीने ते ग्राफिक्सकडे सोपवायला सुरुवात केली, जे करणे सर्वसाधारणपणे योग्यच आहे. आमच्या २०१३ च्या पिढीच्या ग्राफिक्सला मात्र एचईव्हीसीची पुरी सोय जन्मतः नाही. ती पुढे ड्रायव्हरच्या करामतीने, काम वाटून घेऊन, कशीबशी भागवलेली आहे. इतकी वर्षे त्या भागाला कोणी हाकच मारली नव्हती, त्यामुळे त्याचा ड्रायव्हर कसा आहे याची परीक्षाही झाली नव्हती. धूळ उडून चित्र एकदम हलू लागले की कामाचा भार वाढतो, आणि नेमके तेथेच ते अडकत होते.

हे खरे की नाही हे पाहण्यासाठी नवी आवृत्ती पुन्हा बसवली, प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद केले आणि फाइल लावली. पडला नाही. तेच चालू केले, १७ मिनिटे ४२ सेकंदांवर पडला. पुन्हा बंद केले, पडला नाही. तेरावी आणि शेवटची नोंद ती, आणि ती मी मुद्दाम घडवून आणलेली आहे.

ज्याला एवढ्यावर थांबायचे असेल त्याने खुशाल थांबावे. ही एक खूण काढल्याने अशा पुष्कळ संगणकांचे पडणे थांबते. मला चित्राचे अडखळणे सहन होत नव्हते, म्हणून मी ड्रायव्हरकडे वळलो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली ग्राफिक्सच्या नावावर दोनदा टिचकी मारून ड्रायव्हरचे पान उघडले तर त्यावर २०१५ ची तारीख होती. विंडोज टाकताना जो मिळाला तो तसाच राहिला होता. निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्याच ग्राफिक्ससाठी त्याहून बऱ्याच नंतरचा, आणि बहुधा अखेरचा, ड्रायव्हर उपलब्ध होता. आधी, बिघडलेच तर मागे येता यावे म्हणून, सिस्टम रिस्टोअरचा एक बिंदू तयार करून ठेवला, मग तो ड्रायव्हर बसवला. येथे एक बारीक खोच आहे. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्याने संगणकाचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. त्यामुळे ड्रायव्हर बदलल्यावर शट डाउन न करता रीस्टार्ट करावे. मी आधी रात्री बंद करून सकाळी सुरू केला आणि काहीच बदलले नाही म्हणून अर्धा दिवस कपाळाला हात लावून बसलो होतो.

रीस्टार्ट केल्यावर हार्डवेअर डिकोडिंग पुन्हा चालू केले आणि प्लेअरमध्ये १६ मिनिटे ३० सेकंदांपासून १८ मिनिटे ३० सेकंदांपर्यंतचा तुकडा फिरून फिरून वाजेल असे लावून दिले. रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत तोच फड नाचत आत येत राहिला. पत्नीने आवाज बंद करायला लावला होता. पहाटे पाहिले तेव्हा प्रोसेसर तीस टक्क्यांच्या आसपास निवांत होता आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नवी नोंद नव्हती.

विंडोज १० ला सुरक्षेची नियमित सुधारणा मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि आमचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, तेव्हा याला यापुढे नवे काही मिळेल ही आशा नाही. म्हणून मी इंटरनेटची कामे मोबाइलवर नेली आणि हा संगणक दंडारीपुरता ठेवला. भाच्याला मोबाइलच्या कॅमेऱ्यात हाय एफिशियन्सी हा पर्याय बंद करायला सांगितले आहे. त्यामुळे चित्रीकरण एच.२६४ मध्ये होते, फाइल मोठी होते, पण गावातल्या कोणत्याही जुन्या संगणकावर चालते. मंडळातल्या ज्यांना यंदाची दंडार हवी होती त्यांच्यासाठी हँडब्रेक या व्हिडिओची पद्धत बदलणाऱ्या साधनाने तिची एच.२६४ प्रत केली. आमच्या यंत्राला त्यासाठी जवळजवळ अख्खी रात्र लागली.

बाबाजींना निरोप पाठवला तेव्हा चुरणे संपून धान घरी आले होते. ते आले, त्याच खुर्चीवर बसले आणि सोळावे मिनिट लागताच माझ्याकडे पाहू लागले. दुसरा फड आत आला, धूळ उडाली, १७ मिनिटे ४२ सेकंद झाले, ४३ झाले, आणि ढोलकी तशीच वाजत राहिली. विसाव्या मिनिटाला त्यांचे गाणे लागले. ते पुढे झुकून, ओठ हलवत, शेवटपर्यंत पाहत राहिले.

"इथं म्या एक कडवा सोडलो होतो गुरुजी," ते म्हणाले, "कोनाच्या ध्यानातच नाही आला."

मग ती जागा मागे नेऊन त्यांना तीनदा दाखवावी लागली.